अक्षर की अक्षराचे चित्र?

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून मराठीच्या प्राध्यापकांना व्याख्यानांची ददात उरलेली नाही. आम्हीही ती दिली. अशा व्याख्यानांचा समारोप बहुधा एकाच वाक्याने होतो : मराठी ग्रंथ सर्वांपर्यंत पोचला पाहिजे. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होते, चहा होतो. या वाक्यातल्या 'सर्व' या शब्दाचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. तो मागावा, आणि पहिल्यांदा स्वतःकडेच मागावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील दृष्टिबाधितांची संख्या पावणेसहा लाखांच्या घरात होती. त्यांच्यातील जी मुले महाविद्यालयाची पायरी चढतात, त्यांच्यापैकी काही मराठी हा विषय घेऊन आमच्या वर्गात येऊन बसतात. आम्ही नेमलेली पुस्तके त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून वाचता येतात का, हा प्रश्न आम्ही कित्येक वर्षे स्वतःला विचारला नाही. तो एका विद्यार्थ्याने विचारला, तोही अतिशय नम्रपणे. आम्ही वर्गाला पाठवलेल्या टिपणांविषयी तो म्हणाला, "सर, माझा फोन या फाइलला नुसतं 'चित्र' म्हणतो आणि गप्प बसतो." आम्ही पानांची छायाचित्रे काढून ती एकत्र बांधून पाठवली होती. चूक लक्षात आल्यावर आम्ही आमच्या संगणकावर पूर्वी टंकलेली मूळ फाइल त्याला दिली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता फोन बोलतो सर, पण इंग्रजी अक्षरं बोलतो, आणि त्यांचा शब्द होत नाही."

या दुसऱ्या उत्तराने आम्ही खजील झालो. वीस वर्षे आपण मराठी टंकलेखन करीत आहोत, अशी आमची समजूत होती. यंत्राच्या लेखी आम्ही रोमन अक्षरांची निरर्थक माळ ओवीत होतो आणि तिच्यावर देवनागरीचे सोंग चढवीत होतो.

'आता सगळे ऑनलाइन झाले आहे' हे आजचे सर्वांत सोयीचे वाक्य आहे. दृष्टिहीन वाचकांचा विषय निघाला की तेच ऐकू येते, आणि पुराव्यादाखल सुगम्य पुस्तकालयाचे नाव सांगितले जाते. हे पुस्तकालय खरोखरच मोलाचे आहे, याबद्दल वाद नाही. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया ही सेवाभावी संस्थांची संघटना आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्याने ते 24 ऑगस्ट 2016 रोजी सुरू झाले. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकाला त्यावरून वाचनसुलभ पुस्तके उतरवून घेता येतात. एका संस्थेने सिद्ध केलेले पुस्तक दुसरीला पुन्हा करावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

या गुणाचे मोल कळायचे तर आधीचा काळ आठवला पाहिजे. मुंबईत 1900 साली ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली, तेव्हापासून हे काम बहुतांशी धर्मादाय संस्थांच्या खांद्यावर राहिले. 1951 मध्ये भारती ब्रेल निश्चित झाली, 1952 मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. ब्रेलमध्ये उतरवलेल्या एका कादंबरीचे अनेक जाडजूड खंड होत. ध्वनिफितींवर पुस्तके वाचून घेतली जात. अंधांसाठीचे साहित्य टपाल खाते विनामूल्य पोचवते, म्हणून ती गावोगाव जात. एक प्रत एका वाचकाकडे असेपर्यंत दुसऱ्याने वाट पाहायची. आज ती वाट पाहणे संपले आहे, आणि हे श्रेय सेवाभावी संस्थांचे आहे.

परंतु पुस्तकालय हे शेवटी फडताळ आहे. फडताळ कितीही विस्तीर्ण असले तरी त्यात ठेवायचे पुस्तक कोणीतरी तयार करावे लागते. मराठी पुस्तक कसे तयार होते ते पाहिले की 'सगळे ऑनलाइन झाले आहे' या वाक्यातला पोकळपणा कळतो. स्वयंसेवक बाजारातून छापील प्रत आणतो. तिचे एकेक पान स्कॅन करतो. मग संगणकाला त्या चित्रातून अक्षरे ओळखायला लावतो. संगणक रफार गाळतो, जोडाक्षरे फोडतो, जुन्या खिळ्यांच्या छपाईत झिजलेला 'घ' त्याला 'ध' दिसतो. मग कोणी निवृत्त शिक्षिका ओळ न् ओळ मुद्रिताशी ताडून पाहते. प्रकरणांची शीर्षके आणि पृष्ठांक घातले जातात. दिवसामागून दिवस जातात. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? जो मजकूर प्रकाशकाकडे एकदा अक्षरशः टंकलेला होता, तोच पुन्हा मिळवण्यासाठी!

आमच्या मते या विषयातील खरे लाजिरवाणे सत्य हे आहे. गेल्या दोन-तीन दशकांतले बहुतेक प्रत्येक मराठी पुस्तक कागदावर येण्यापूर्वी संगणकावर जुळवले गेले. तरीही ते स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, कारण ते जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले असते. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्याला 'मराठी' दिसते. आत भलतेच काही असते. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, संकेत वाचतो. देवनागरीला स्वतःचे संकेतस्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची. पेजमेकर या जुळणीच्या लाडक्या साधनाची शेवटची आवृत्ती 2001 ची, आणि त्याला युनिकोड कधीच कळले नाही. ज्या मुद्रणव्यवसायाने खिळे सोडून ऑफसेट स्वीकारले, ऑफसेटसाठी संगणक स्वीकारला, त्याला पाव शतकात एवढी एक पायरी चढवली नाही. याचे कारण तांत्रिक नाही. पान सुबक दिसले की आमचे काम झाले, अशी आम्हा सर्वांची धारणा आहे. अक्षराचे चित्र आम्हाला पुरते.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप कॉपीराइटचा. प्रकाशक म्हणतात, फाइल दिली की ती चोरीला जाईल. कायदा याबाबत संदिग्ध नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(झेड-बी) आले. त्यानुसार दिव्यांग वाचकांसाठी वाचनसुलभ प्रत करणे हा हक्कभंग नाही. संस्थेने ते ना-नफा तत्त्वावर करावे, केवळ निर्मितिखर्च घ्यावा आणि प्रत नेहमीच्या बाजारात जाणार नाही याची वाजवी काळजी घ्यावी, एवढ्याच अटी. विशेष म्हणजे, या सवलतीस पात्र संस्थांमध्ये शासनमान्य शैक्षणिक संस्था आणि ग्रंथालये यांचाही समावेश आहे. म्हणजे आमच्या महाविद्यालयाला कोणाच्या दारी जाण्याची गरजच नव्हती! भारताने मराकेश करारास 24 जून 2014 रोजी, सर्व देशांच्या आधी, अनुसमर्थन दिले याचा आम्ही अभिमान बाळगतो. त्या कराराने सुचवलेले काम आपल्याच ग्रंथालयात करता येते, हे मात्र आमच्या गावी नसते. राहिली चोरी. पुस्तकचोराला युनिकोड लागत नाही. तो छापील प्रतीवरून चोरी करतो आणि पदपथावर विकतो. दार बंद केल्याने अडतो तो फक्त प्रामाणिक वाचक.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक वेशात येतो : 'स्वयंसेवक पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतातच की.' करतात, आणि त्यांच्या आवाजाच्या आधारावर कित्येकांनी पदव्या घेतल्या. त्या श्रमांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ऐकणे हा वाचनाचा एक प्रकार झाला; विद्यार्थ्याला त्याखेरीजही पुष्कळ काही लागते. कवितेची ओळ कोठे तुटते, हे कानाला नेहमी कळत नाही. अवतरण कोणत्या पृष्ठावर आहे, एखादा शब्द ग्रंथात कोठे कोठे आला आहे, हे ध्वनिफीत सांगत नाही. आणि शुद्धलेखन? 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक ज्याला आम्ही अक्षररूपाने कधी भेटूच दिला नाही, त्याच्या उत्तरपत्रिकेतील ऱ्हस्वदीर्घासाठी आम्ही गुण कापतो. याहून मोठा अन्याय आमच्या व्यवसायात आम्हाला ठाऊक नाही. याउलट शुद्ध मजकुराची एक फाइल असली, तर तीच बोलते, तीच ब्रेलमध्ये उमटते, अल्पदृष्टी वाचकासाठी तीच मोठ्या अक्षरांत उघडते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे, साध्या फोनलाही आज मराठी वाचता येते. यंत्रे तयार आहेत. आमचा मजकूर तयार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा : मूठभरांसाठी एवढे कशाला? खर्च होतो, कारण आम्ही ते काम शेवटी करतो, पुस्तक छापून झाल्यावर, उलट दिशेने. सुरुवातीलाच युनिकोडमध्ये जुळणी केली आणि मूळ मजकूर नीट जपला तर वेगळे असे फारसे काही करावे लागत नाही. मराठी विश्वकोशाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्याच्या नोंदी महाजालावर मजकूर म्हणून आल्या, चित्र म्हणून नव्हे. म्हणून त्या शोधता येतात, उद्धृत करता येतात, आणि दृष्टिहीन वाचकाला ऐकताही येतात. अक्षराला अक्षर राहू दिले की त्याचा लाभ सर्वांनाच होतो.

या तिन्ही आक्षेपांच्या मुळाशी एक जुनी वृत्ती आहे, आणि आमचा खरा झगडा तिच्याशी आहे. दृष्टिहीनांचे वाचन म्हणजे दानधर्माचा विषय, ही ती वृत्ती. दान देणारा सवडीने देतो, आणि घेणाऱ्याने तक्रार करायची नसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखल्या. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, त्यांच्या नुसत्या शिफारशी करून चालणार नाही, असे बजावले. 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. आम्ही मात्र प्रवेश देतो आणि पुस्तक देत नाही. पंगतीला बोलवावे, पाट मांडावा आणि पान वाढूच नये, असा हा प्रकार आहे.

संकेतस्थळ उघडल्याने शासनाची आणि समाजाची जबाबदारी संपते, हा भ्रमही येथेच सोडला पाहिजे. पुस्तकालय उघडले शासनाच्या सहभागाने. त्यात मराठी पुस्तक घालण्याचे कष्ट देणग्यांवर जगणाऱ्या संस्थांनी उपसायचे, ही वाटणी न्याय्य नाही. शिवाय अशी सेवा आहे, हे तालुक्याच्या गावातील दृष्टिहीन तरुणाला कळणार कोणाकडून? महाराष्ट्राने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि त्याच्या आधारावर गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळते. त्या ग्रंथपालाने अशा वाचकाची नोंदणी करून द्यावी, पहिले पुस्तक फोनवर उतरवून द्यावे. संकेतस्थळाला माणसाचा हात लागतोच.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायच्या असतात. कागदी प्रत देता येते, तर युनिकोड मजकुराची फाइलही देता येईल. तशी दुरुस्ती व्हावी. शासनाचे अनुदान, पुरस्कार वा सामूहिक खरेदी ज्या पुस्तकाला लाभते, त्याची वाचनसुलभ प्रत आधी जमा व्हावी. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने पुस्तक नेमताना लेखकाच्या थोरवीबरोबर एवढेही विचारावे : हे पुस्तक वर्गातल्या प्रत्येकाला वाचता येईल काय? हा प्रश्न आमच्या अभ्यासमंडळांच्या बैठकांत आम्ही एकदाही ऐकला नाही, आणि सांगायला हवे की तेथे आम्हीही बसलेलो होतो.

उरलेली मागणी आमची आमच्याकडे. छायाचित्रांची टिपणे बंद. जुन्या फॉन्टमधील आमच्या फाइली बदलून, तपासून घेण्याचे काम आम्ही सुरू केले आहे. ते कंटाळवाणे आहे, आणि स्वयंसेवक इतकी वर्षे काय करीत आले याची जाणीव पानोपानी देणारे आहे. त्या विद्यार्थ्याला पहिली दुरुस्त फाइल पाठवली तेव्हा त्याने आभार मानले नाहीत. तिसऱ्या परिच्छेदातला आमचा एक विधेयार्थ त्याला पटला नव्हता, त्याबद्दल त्याने सविस्तर वाद घातला. वाचकाने लेखकाशी वागायचे ते असेच. इतकी वर्षे तो आमच्याशी असा वाद घालू शकला नाही, याचा दोष त्याच्या डोळ्यांकडे नव्हता.