विश्लेषण : ब्लॉकचेन वेगवान झाली, नोंद खरी कोण करणार?

यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी (ता. आर्णी) ही जेमतेम दीड हजार लोकवस्तीची ग्रामपंचायत. तिच्या नावे २०२५ मध्ये अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांवर जन्मनोंदी झाल्याचे उघड झाले. अशा बनावटगिरीवर उपाय म्हणून ब्लॉकचेनचे नाव हमखास घेतले जाते. गडचिरोलीत, एटापल्ली उपविभागात, २०२२ मध्येच जातीचे ६५ हजार दाखले ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेनवर नेण्याचे काम हाती घेण्यात आले होते.

अडचण कोणती?

ब्लॉकचेनची मुख्य अडचण वेगाची. २०१५ पासून चालणाऱ्या इथेरियमचे आभासी यंत्र व्यवहार एकामागून एक तपासते. त्यामुळे मूळ साखळीवर सेकंदाला साधारण १५ ते ३० व्यवहारच होतात. याउलट, ‘यूपीआय’वर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले.

समांतर अंमलबजावणी म्हणजे काय?

वणीतील एका गटाचा फेरफार पुसदच्या फेरफारासाठी अडून राहण्याचे कारण नाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात. मात्र एकच गट दोघांना विकला गेला, तर आधीचा व्यवहार कोणता हे ठरवावेच लागते. नव्या यंत्रणा हेच करतात. ‘सोलाना’वर प्रत्येक व्यवहाराला आपण कोणत्या खात्यांना हात लावणार, हे आधीच सांगावे लागते. ‘ॲप्टॉस’ सगळे व्यवहार एकदम चालवते, नंतर पडताळते आणि ज्यांची टक्कर झाली तेवढेच पुन्हा चालवते. पॉलिगॉननेही पुढे हीच पद्धत स्वीकारली. ॲप्टॉसच्या ‘मूव्ह’ भाषेत तर मालमत्तेची नक्कलच करता येत नाही.

मग प्रश्न सुटला?

नाही. समांतर यंत्रणा व्यवहारांचा क्रम बिनचूक लावते. बाळ खरोखर जन्मले का, हे ती तपासू शकत नाही. अधिकृत लॉगिन चुकीच्या हाती पडले, तर खोट्या नोंदीही तितक्याच वेगाने होतील आणि साखळीतून पुसताही येणार नाहीत. म्हणून सरकारने सेकंदाला किती व्यवहार होतात यावर भाळण्याआधी नोंद करणारा कोण, त्याची पडताळणी कोणाकडे आणि चूक दुरुस्त कशी होणार, हे ठरवावे. दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारणाऱ्याला वेग हवाच आहे. पण त्याआधी त्याला खरी नोंद हवी आहे.