“सुटला” कीं “निर्दोष ठरला”?

एखाद्यावर आलेला आळ खोटा निघाला, म्हणजे आपण सहज उद्गारतों, “सुटला बिचारा!” बोलणाऱ्याच्या मनांत कांहीं वांकडें नसतें; परंतु “सुटणें” हें क्रियापद पोलिसांच्या हातावर तुरी देणाऱ्या चोरालाही लागतें. मुळांत दोष होता कीं नव्हता, हें तें सांगत नाहीं. “माफी मिळाली” हा प्रयोग तर त्याहून वाईट. ज्यानें अपराधच केला नाहीं, त्यास माफी कशाची?

हा भेद केवळ कोशकारांचा नव्हे. फ्रान्सच्या सैन्यांतील कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूस या यहुदी अधिकाऱ्यास, जर्मनीस गुप्त माहिती पुरविल्याच्या खोट्या आरोपावरून, १८९४ सालीं जन्मठेप झाली. ५ जानेवारी १८९५ रोजीं पॅरिस येथील लष्करी शाळेच्या पटांगणांत सैन्यासमक्ष त्याचीं पदचिन्हें तोडण्यांत आलीं व तलवार मोडण्यांत आली. पुराव्याचें पत्र दुसऱ्याच अधिकाऱ्यानें लिहिलें होतें, हें पुढें उघडकीस आलें. तरीही १८९९ च्या फेरचौकशींत लष्करी न्यायालयानें त्यास पुन्हां दोषी ठरविलें, आणि थोड्याच दिवसांत राष्ट्राध्यक्षांनीं माफी दिली! प्रकृति ढासळलेल्या द्रेफ्यूसनें ती घेतली. मात्र आपली निरपराधिता सिद्ध करण्याचा यत्न चालूच राहील, असें त्यानें जाहीर केलें. तो सुटला होता, मुलाबाळांत आला होता. पण कागदोपत्रीं देशद्रोहीच होता. १२ जुलै १९०६ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल रद्द केला, तेव्हां तो निर्दोष ठरला. त्याच महिन्यांत त्याच लष्करी शाळेच्या आवारांत त्यास सन्मानपदक देण्यांत आलें. स्थळाची ही निवड मला फार योग्य वाटते.

आपल्या मराठी बायबलांत “नीतिमान ठरविणें” असा प्रयोग आहे. त्याचा धर्मशास्त्रीय अर्थ निराळा. परंतु त्यांतील “ठरविणें” येथेंही हवें. कोणीतरी अधिकारानें व उघडपणें तसें म्हटलें पाहिजे.

वर्गांत कंपासपेटी नाहींशी होते, एका मुलावर संशय येतो, आणि दोन दिवसांनीं पेटी मालकाच्याच घरीं सांपडते. मग सारे गप्प! “झालें तें झालें” म्हणून विषय संपतो. त्या मुलास आपण जणूं माफी दिली, निर्दोष ठरविलें नाहीं. ज्या वर्गासमोर त्याचें नांव घेतलें, त्याच वर्गासमोर “यानें पेटी घेतली नव्हती” एवढें वाक्य उच्चारावयास अर्धें मिनिटही लागत नाहीं. आणि तें शिक्षकांनीं किंवा पेटीच्या मालकानें बोलावें, त्या मुलावर सोंपवूं नये.