‘ड्यून’चा खरा हिरो पॉल नाही, चानी आहे!



‘ड्यून: पार्ट टू’ येऊन गेला 2024 मध्ये, पण आमच्या ऑफिसात आणि इथल्या मराठी मित्रमंडळीत त्याच्यावरची भांडणं अजून संपलेली नाहीत. तिसरा भाग डिसेंबर 2026 मध्ये येणार असं जाहीर झालंय, त्यामुळे ती आता पुन्हा पेटली आहेत. मी हा सिनेमा चार वेळा पाहिलाय, दोनदा मोठ्या पडद्यावर आणि दोनदा घरी. एवढ्या भांडवलावर त्यातल्या पात्रांबद्दल चार मतं मांडायचा हक्क मला आहे असं मी समजतो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्या, कारण पुढे मी सगळी गोष्ट फोडणार आहे.

ज्यांना विज्ञानकथांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची कादंबरी 1965 सालची. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह आणि त्याच्या वाळूत मिळणारा ‘स्पाइस’. तो नसेल तर एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारी जहाजं बंद पडतात. म्हणून सगळ्या राजघराण्यांचा डोळा त्या वाळूवर. आखातात नोकरी करणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही! त्या वाळवंटात राहणारे मूळचे लोक म्हणजे फ्रेमेन. पॉल अट्रायडीसचं घराणं दगाबाजीनं संपवलं जातं, तो आणि त्याची आई जेसिका जीव वाचवून फ्रेमेनांच्या आश्रयाला येतात, आणि दुसरा भाग तिथून सुरू होतो. दिग्दर्शक डेनी विलनव्ह यांनी वाळवंटाचं बरंच शूटिंग जॉर्डनच्या वादी रममध्ये आणि अबू धाबीच्या लिवा भागात केलंय. म्हणजे आमच्या शेजारीच.

संगणक अभियंता म्हणून मला या जगाची एक गोष्ट फार आवडते. इथे संगणकच नाहीत. विचार करणाऱ्या यंत्रांवर माणसांनी फार पूर्वी बंदी घातलेली आहे. त्यामुळे जे काही बरंवाईट होतं ते माणसंच करतात, यंत्रावर ढकलून मोकळं होता येत नाही. म्हणून पात्रांबद्दल बोलायला मजा येते.

पॉल: अर्धा आवडतो

टिमोथी शालमेचा पॉल मला पहिल्या तासाभरात खूप आवडतो. तो तेव्हा नवखा असतो. वाळूवर कसं चालायचं हे चानी त्याला शिकवते, त्याचं चुकतं, ती हसते. तो भाषा शिकतो, त्यांचं नाव घेतो, त्यांच्यातला एक व्हायला बघतो. परदेशात आलेल्या प्रत्येकाला हा भाग आपला वाटेल. आपल्यालाही कोणीतरी पहिल्या महिन्यात शिकवलेलं असतं, कुठल्या काउंटरला जायचं, काय बोलायचं नाही, उन्हात कधी बाहेर पडायचं नाही.

पण शिकायला आलेला हा मुलगा शेवटी राज्य करायला बसतो. त्याला पुढचं दिसत असतं, आपल्या नावानं होणारं युद्ध आणि असंख्य मेलेली माणसं. तो आधी टाळतो, दक्षिणेला जायला नकार देतो. मग जातो. आणि तिथे गेल्यावर सभेत उभा राहून एका अनोळखी माणसाच्या घरातली जुनी गोष्ट सांगून सगळ्यांना गार करतो. थिएटरमध्ये त्या प्रसंगाला टाळ्या आणि शिट्ट्या पडल्या. मला मात्र तिथे भीती वाटली. हर्बर्टलाही वाचकांनी पॉलला सरळसरळ हिरो मानलेलं रुचलं नव्हतं. करिष्मा असलेल्या नेत्यापासून सावध राहा, हेच त्याला सांगायचं होतं. ते नीट पोचावं म्हणून त्याने 1969 मध्ये पुढचा भाग लिहिला. साठ वर्षं झाली, टाळ्या काही थांबत नाहीत.

जेसिका: सगळ्यात हुशार आणि सगळ्यात धोकादायक

रेबेका फर्ग्युसनला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क. जेसिका ज्या बेने जेसेरिट पंथाची आहे, त्या पंथाच्या बायकांनी शेकडो वर्षांपूर्वी या ग्रहावर एक भाकीत पेरून ठेवलेलं असतं. बाहेरून एक तारणहार येईल, त्याची आई अमुक असेल, तो तमुक करेल. पुढेमागे आपल्यातल्या कोणाला गरज पडली तर तयार पीक असावं म्हणून. जेसिका येते आणि ते कापायला घेते. सुरुवात कोणापासून? आधी दुबळे, मग जे घाबरलेले आहेत ते. हे ती शांतपणे बोलून दाखवते.

हे पाहताना मला सारखा आपला ‘देऊळ’ आठवत होता. 2011 चा उमेश कुलकर्णींचा सिनेमा, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विभागून मिळाला. त्यात गाय शोधायला गेलेल्या केश्याला झाडाखाली दत्त दिसतो. त्याची श्रद्धा खरीच असते, पण तिच्यावर उभं राहिलेलं दुकान दुसऱ्यांचं असतं. ‘ड्यून’चं बजेट काढून टाका आणि मंगरूळ गावाच्या जागी अराकिस घाला, गोष्ट फार लांबची राहत नाही. फरक एवढाच, की केश्याच्या हातात सैन्य नव्हतं.

स्टिलगार: हसून झाल्यावर रडवणारा

हावियर बार्देमचा स्टिलगार हा सगळ्यांचा लाडका. पॉल म्हणतो, मी तारणहार नाही. स्टिलगार म्हणतो, बघा किती नम्र आहे, म्हणजे हाच तो! सगळं थिएटर हसतं. मीही हसलो. काहीही घडो, त्याला त्यात पुरावाच दिसतो. आपल्या प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर असे एक काका किंवा मामा असतात. तुम्ही खोडून काढायला लिंक पाठवा, त्यांचा विश्वास आणखी वाढतो.

पण स्टिलगार मूर्ख नाही हे लक्षात घ्या. तो टोळीचा अनुभवी प्रमुख आहे, वाळवंट त्याला तळहातासारखं माहीत आहे. त्याचा विश्वास येतो तो तहानेतून. या लोकांत माणूस मेला की त्याच्या शरीरातलं पाणी काढून एका कुंडात साठवतात. कितीही तहान लागली तरी त्या कुंडाला कोणी तोंड लावत नाही, कारण एक दिवस या पाण्यावर हा ग्रह हिरवा करायचा आहे. ते स्वप्न पिढ्यान् पिढ्या उराशी बाळगलेल्या माणसाला कोणी म्हणालं, की हिरवळ आणणारा आला, तर तो कसा नाकारेल?

मी लातूर जिल्ह्यातला. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात टँकरभोवती उभी असलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना स्टिलगारवर फार वेळ हसता येणार नाही. तहानलेल्या माणसाला भाकीत विकणं सोपं असतं. आज मी ज्या देशात राहतो तिथे नदी नाही, वर्षाचा पाऊस सरासरी 100 मिलिमीटरही नाही. पिण्याचं जवळपास सगळं पाणी रास लफ्फान, रास अबू फोंतास अशा ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करून येतं. इथे नळ सोडला की पाणी येतं, आणि त्यासाठी कोणाला तारणहार मानावं लागत नाही, प्रकल्प चालू ठेवावा लागतो. माझ्यातला इंजिनीअर म्हणतो, स्टिलगारला पॉलपेक्षा एक चांगला पाणीपुरवठा विभाग मिळायला हवा होता.

शेवटी मात्र स्टिलगारचं हसू येत नाही. दक्षिणेच्या सभेत प्रमुखालाच बोलायचा अधिकार असतो, म्हणून तो पॉलला म्हणतो की मला मार आणि माझी जागा घे. मित्राचा भक्त होतो तो हा असा. पॉल एक मित्र गमावतो आणि बदल्यात त्याला एक अनुयायी मिळतो. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात दुःखी प्रसंग हाच.

बाकीची मंडळी

फेड-राउथा झालेला ऑस्टिन बटलर दिसतो भयानक आणि शोभतोही. काळ्या सूर्याखालचा तो कृष्णधवल आखाडा विसरता येत नाही. पण क्रौर्यापलीकडे त्याला फार काही दिलेलं नाही. गर्नी हॅलेक प्रेमळ, पण त्याला फक्त सूड दिसतो, आणि पॉलला बिघडवण्यात त्याचाही हात आहे. ख्रिस्तोफर वॉकनचा सम्राट अगदीच मवाळ वाटला. कादंबरीत त्याची पदवी ‘पादिशाह’ आहे. आपल्या बखरींतल्या पातशहाची आठवण यावी असं नाव, आणि दरारा मात्र शून्य. इरुलानला इथे काम कमी आहे, पण फ्लॉरेन्स प्यूच्या डोळ्यांत हुशारी दिसते. तिसऱ्या भागात ती भाव खाऊन जाईल असा माझा अंदाज आहे.

एक तक्रार आहेच. या लोकांची अर्धी भाषा अरबीतून घेतलेली, पण पडद्यावर अरब चेहरे शोधावे लागतात. ‘लिसान अल-गैब’ म्हणजे अदृश्याची जीभ. त्यातला ‘गैब’ म्हणजे आपला ‘गायब’ आणि कागलचा गैबी चौकसुद्धा! ‘मुअद्दिब’ म्हणजे अदब शिकवणारा, आपण अजूनही बेअदबी म्हणतो तोच शब्द. मराठी माणसाला जे ओळखीचं वाटतं, ते इथल्यांना किती वाटत असेल? माझा एक सुदानी सहकारी सिनेमा पाहून म्हणाला, “आमच्याकडे हे 1881 मध्ये खरंच झालंय, आणि आमचा महदी बाहेरून आलेला नव्हता.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि शेवटी चानी

कादंबरीतली चानी शेवटपर्यंत पॉलच्या बाजूला राहते, त्याचं राजकीय लग्नही पचवते. सिनेमातली चानी पचवत नाही. हा बदल अनेक जुन्या वाचकांना खटकला. मला तो या सिनेमाचा सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

झेंडायाची चानी पहिल्यापासून भाकिताला हसणारी. लोकांना ताब्यात ठेवायचं तर तारणहार येणार म्हणून सांगा, ते शतकानुशतकं वाट बघत बसतील, असं तिचं म्हणणं. तिला पॉल आवडतो तो माणूस म्हणून. आणि गंमत अशी, की त्याला शुद्धीवर आणायला तिचेच अश्रू वापरले जातात आणि नेमकं तेच भाकितात लिहिलेलं असतं. जी मानत नाही तिलाच पुरावा बनवलं जातं. त्या वेळी ती पॉलला जी थप्पड मारते, ती मला पूर्ण पटली.

शेवटी पॉल जिंकतो, सम्राटाच्या मुलीचा हात मागतो, सगळे गुडघे टेकतात. चानी टेकत नाही. ती निघून जाते, एकटी, वाळवंटात. तिच्याकडे सैन्य नाही, पर्याय नाही, भाषणही नाही. लोक म्हणतात, तिने काय साधलं? माझा एक मित्र तर म्हणतो, ती प्रॅक्टिकल नाही, नवरा बादशहा झाला तर रुसायचं कशाला. माझं म्हणणं असं, की सगळी गर्दी एका बाजूला वाकलेली असताना एक माणूस ताठ उभा आहे हे कोणीतरी पाहिलेलं असणं गरजेचं असतं. ती पॉलचं वाईट चिंतत नाही. तिचं अजूनही त्याच्यावर प्रेम आहे आणि तरीही ती नाही म्हणते. शत्रूला नाही म्हणणं त्यामानाने सोपं. आपल्या माणसाला, सगळे त्याचा जयजयकार करत असताना नाही म्हणणं फार अवघड. ज्यांनी घरच्या ग्रुपवर एखाद्या मोठ्या माणसाला “काका, हे खरं नाही” असं लिहून पाहिलंय त्यांना विचारा.

आणखी एक गोष्ट. आम्ही इथे परके आहोत, परवान्यावर राहतो, एक दिवस परत जाणार. वाळवंट मला एसी ऑफिसच्या काचेतून दिसतं. उन्हाळ्यात 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3.30 बाहेरच्या कामाला बंदी असते, ती का असते हे माझ्यापेक्षा साइटवरच्या माणसाला जास्त कळतं. परक्या ठिकाणी गेलेल्या माणसाने पॉलच्या पहिल्या तासासारखं राहावं, शिकत, चुकत, आणि शिकवणाऱ्याचे उपकार मानत. पुढचा पॉल व्हायची संधी आपल्याला मिळत नाही, आणि ते बरंच आहे.

सिनेमाला ध्वनी आणि व्हिज्युअल इफेक्ट्सची दोन ऑस्कर मिळाली, जगभरात सुमारे 71 कोटी डॉलर्सचा धंदा झाला. वाळूतल्या किड्यांसाठी पैसे वसूल आहेतच. पण तिसऱ्या भागाला मी जाईन तो चानीसाठी, आणि स्टिलगारला त्याचा जुना मित्र परत मिळतो का ते बघायला. तुमचं आवडतं पात्र कोणतं आणि का, हे नक्की कळवा. आणि सुट्टीत घरी गेलात तर घरच्यांना हा सिनेमा दाखवा, शक्य झाल्यास ‘देऊळ’च्या दुसऱ्या दिवशी. मग कोण कोणासाठी टाळ्या वाजवतं ते बघा.