कारखान्याच्या फाटकाबाहेर

हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान ‘भिलाई पावर हाउस’ नावाचे स्थानक आहे. स्थानकाजवळ गजबजलेली बाजारपेठ आहे आणि या बाजारपेठेतून जी. ई. रोड, म्हणजे जुना ‘ग्रेट ईस्टर्न रोड’, जातो. महाराष्ट्रातील वाचकाला हा रस्ता वाटतो तितका परका नाही. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा अशी गावे मागे टाकत राजनांदगाव व दुर्गमार्गे येथे पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले तेव्हा तो ५३ झाला. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती त्या काळात, १९५५ साली, सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भिलाईला पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामाच्या निमित्ताने विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे मग येथलीच झाली.

पावर हाउसच्या या रस्त्यावर दोन निरनिराळी कामे येऊन पडली आहेत. दूरच्या प्रांतांतील मालवाहू ट्रक आणि प्रवासी बसगाड्या यांच्या दृष्टीने तो महामार्ग आहे. त्यांना थांबायचे नाही, पुढे जायचे आहे. स्थानकावर उतरलेला विद्यार्थी, भाजी घेऊन निघालेली गृहिणी, पाळी संपवून सायकलवर परतणारा कामगार यांच्या दृष्टीने तो घरापुढचा रस्ता आहे. त्यांना तो ओलांडायचा आहे. एका रस्त्याने ही दोन्ही कामे करावीत अशी अपेक्षा जेथे जेथे असते, तेथे अपघात होतात. यात भिलाई एकटी नाही. अकोल्याला, जळगावला आणि भंडाऱ्यालाही वर्षानुवर्षे शहराच्या मध्यातून महामार्ग गेला आणि त्याची किंमत पादचाऱ्यांनी मोजली.

दर महिन्याला शहरातील अपघातांचे आकडे जुळवले जातात आणि ते मागील महिन्याच्या किंवा मागील वर्षीच्या त्याच महिन्याच्या आकड्यांशेजारी ठेवले जातात. आकडा उतरला की समाधान व्यक्त होते. चढला की चौकाचौकांत हेल्मेटची तपासणी सुरू होते, दंडाच्या पावत्या फाटतात आणि पंधरा दिवसांनी सारे पूर्ववत होते. या चढउताराला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे महत्त्व त्याला खरोखर आहे काय, हा विचार मात्र क्वचितच केला जातो.

केवळ हिशोबापुरते एक उदाहरण घ्यावे. एखाद्या शहरात वर्षाला २४० माणसे रस्त्यावर दगावतात असे मानले, तर महिन्याची सरासरी २० येते. पण रस्ते, वाहने आणि चालक यांत तिळमात्र बदल झाला नाही, तरी एखाद्या महिन्यात १५ आणि दुसऱ्या महिन्यात २५ मृत्यू होऊ शकतात. नाणे चाळीस वेळा उडवले तर छापा नेमका वीस वेळाच पडेल असे नाही. सतरा वेळा पडेल, चोवीस वेळाही पडेल. म्हणून पंचवीस मृत्यूंच्या महिन्यानंतर पंधरा मृत्यूंचा महिना आला, तर त्याचे श्रेय हेल्मेटच्या तपासणीला देण्यापूर्वी थांबावे लागते. कदाचित काहीच सुधारलेले नसेल. लहान आकड्यांची एका महिन्याची तुलना फारसे काही सांगत नाही. तीन किंवा पाच वर्षांचे आकडे एकत्र पाहिले तरच त्यांत कल दिसू लागतो.

दीर्घ मुदतीचे आकडे मात्र पुष्कळ बोलके आहेत. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दररोज सुमारे ४६२. एकट्या छत्तीसगढमध्ये ही संख्या पाच हजार आठशेहून अधिक होती. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या ज्या पन्नास शहरांचा स्वतंत्र हिशोब ठेवला जातो, त्यांत दुर्ग-भिलाईनगरही आहे. देशभरातील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होते आणि जवळजवळ एक-पंचमांश पायी चालणारे होते. हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती. दिवसाच्या चोवीस तासांत सर्वांत घातक ठरले ते संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास. सुमारे एक-पंचमांश अपघात याच वेळेत झाले. अपघात म्हटला की अवघड वळण, मुसळधार पाऊस, काळोखी रात्र असे चित्र मनात उभे राहते. अहवालातील चित्र वेगळे आहे. सुमारे दोन-तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश अपघात स्वच्छ हवामानात झाले. रस्ता सरळ व कोरडा असतो, बहुधा ओळखीचाही असतो, आणि वेळ कामावरून घरी परतण्याची असते.

भिलाईसारख्या पोलादनगरीत या गोष्टीला विशेष अर्थ आहे. वितळलेले लोखंड, विषारी वायू आणि उंच यारी यांच्यामध्ये वावरणाऱ्या कामगाराचा जीव धोक्यात असतो, हे या शहराला कोणी शिकवावे लागत नाही. जून २०१४ मध्ये कारखान्यात वायुगळती होऊन सहा जण मरण पावले. ऑक्टोबर २०१८ मध्ये वायुवाहिनीत आग लागून दहाहून अधिक कामगार गेले. दोन्ही वेळा सारा देश हादरला, चौकशा झाल्या, आणि २०१८ मध्ये तर वरिष्ठ अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली. कारखान्यातील दुर्घटना टळल्या असे यावरून मुळीच म्हणता येत नाही. तथापि तेथे एक गोष्ट मान्य झालेली आहे: मृत्यू झाला की त्याचे कारण शोधायचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच, प्राणघातक अपघाताची सूचना मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत चौकशी व्हावी, असा दंडक घालून दिला होता. झडप का उघडी राहिली, इशारा का मिळाला नाही, कामाची पद्धत कोठे चुकली, असे प्रश्न विचारले जातात. कामगाराची चूक आढळली तरी चौकशी तेथे संपत नाही. ती चूक प्राणघातक का ठरली, हेही पाहावे लागते.

तोच कामगार पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर पडतो आणि दोन किलोमीटरवर ट्रकखाली सापडतो, तेव्हा या प्रश्नांपैकी एकही विचारला जात नाही. गुन्हा नोंदवला जातो. वाहन भरधाव होते, चालक निष्काळजी होता, एवढे कारण पुरेसे ठरते. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-क लावले जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. दोष कोणाचा, हे ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे व ते झालेच पाहिजे. पण ‘दोष कोणाचा’ आणि ‘हे घडले कसे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुभाजकात लोकांनी पाडलेली वाट तेथेच का आहे? जवळचे ओलांडण्याचे ठिकाण किती दूर आहे? दिवा लागत होता काय? थांब्यावरच्या बसमुळे मागचे वाहन झाकले जात होते काय? यांची उत्तरे न शोधता चालकाला शिक्षा झाली, तरी पुढील महिन्यात दुसरा चालक आणि दुसरा पादचारी त्याच जागी समोरासमोर येतात.

एकाच वेळी अनेक जण गेले तर रस्त्यावरील मृत्यूचीही चौकशी होते, हे भिलाई–रायपूर मार्गावरील कुम्हारी या गावाने पाहिले आहे. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कामावरून परतणाऱ्या कामगारांची बस तेथे मुरमाच्या खाणीतील खोल खड्ड्यात कोसळली. किमान बारा जणांचा मृत्यू झाला आणि दंडाधिकारीय चौकशीचा आदेश निघाला. त्यापूर्वी, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याच कुम्हारीत बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या अपुऱ्या टोकावरून एक मोटारसायकल रात्री खाली पडली. पती-पत्नी दोघे गेले, सोबतची मुलगी वाचली. पूल अपूर्ण आहे हे अंधारात सांगणारा पुरेसा अडसर तेथे नव्हता. या घटनांवर बातम्या आल्या, संताप व्यक्त झाला, जबाबदारीची चर्चा झाली. पण बारा माणसे बारा वेगवेगळ्या संध्याकाळी, बारा वेगवेगळ्या चौकांत गेली असती, तर? मासिक तक्त्यात त्यांची बेरीज बाराच झाली असती आणि चौकशी एकाचीही झाली नसती.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की रस्ता म्हणजे कारखाना नव्हे. कारखान्यात प्रशिक्षित माणसे असतात, फाटकावर तपासणी असते. रस्त्यावर लहान मूल येते, वृद्ध येतो, दारू प्यालेलाही येतो. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच त्याचा निष्कर्ष उलट निघतो. जेथे कोणीही येऊ शकतो, तेथे माणसे चुकणार हे गृहीत धरूनच रचना करावी लागते. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने हेच तत्त्व धोरण म्हणून स्वीकारले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे गेलेले असते. पावर हाउसच्या बाजारात अचानक रस्त्यावर उतरलेल्या माणसाला एवढे अंतर मिळणे कठीण. हा हिशोब चालकाच्या सद्गुणांनी बदलत नाही, वेग उतरला तरच बदलतो.

लोक नियम पाळत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. हेल्मेट हँडलला अडकवून चालवणारे आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणारे पालक सर्वत्र आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. या कलमांची माहिती लोकांना असते. त्याच दुरुस्तीने कलम १९८-क घातले, याची माहिती मात्र फार थोड्यांना आहे. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल यांची विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम माणसाच्या जिवाच्या मानाने किरकोळ आहे. पण रस्ताही चुकू शकतो, हे कायद्याने त्यामुळे मान्य केले. ज्या उत्साहाने चौकात पावत्या फाडल्या जातात, त्या उत्साहाने हे कलम वापरले जात नाही.

अपघातप्रवण ठिकाणांची सरकारी व्याख्याही विचार करायला लावणारी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू अथवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. म्हणजे नऊ जणांचा मृत्यू झाला, पण अपघात चारच होते, तर तो पट्टा त्या यादीत येत नाही. निधी मर्यादित असताना कोठून सुरुवात करावी हे ठरवण्यासाठी अशी व्याख्या लागते, हे समजण्यासारखे आहे. पण ती कृतीची पहिली पायरी मानली, तर रस्त्याने आपला धोका माणसे मारून सिद्ध करावा असा तिचा अर्थ होतो.

कारणे शोधून रस्ता बदलला तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मरण पावली होती. त्याच वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून त्या मार्गावरील अपघातांची पाहणी करण्यास सुरुवात केली. उघडे काँक्रीटचे कठडे झाकण्यात आले, लोखंडी अडसर दुरुस्त झाले, दुभाजकातील धोकादायक वाटा बंद झाल्या, गस्त आणि रुग्णवाहिका वाढल्या. पुढील काही वर्षांत मृतांची संख्या शंभराच्या खाली आली. चालक तेच होते. अर्थात पथकर भरणाऱ्या मोटारींसाठी बांधलेल्या, पादचाऱ्यांना बंदी असलेल्या रस्त्याची आणि पावर हाउसच्या बाजाररस्त्याची बरोबरी होणार नाही. येथे पुलामुळे वरून जाणारा ट्रक वेगळा काढता येईल. खालचा रस्ता ओलांडणारा माणूस तेथेच राहील आणि त्याच्यासाठी वेग, उजेड व पदपथ यांचा वेगळा विचार लागेल.

कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवरील मृत्यू हा कामाशी संबंधित आहे काय, हा प्रश्न मराठवाड्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात तो गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती पुन्हा मान्य केली. कर्तव्यासाठी निघालेला माणूस आणि त्याचे काम यांचा संबंध परिस्थितीवरून दिसत असेल, तर वाटेवरचा अपघात नोकरीच्या ओघात घडला असे मानता येते, असा त्या निकालाचा आशय आहे. घरच्यांना हे ऐकण्यासाठी बावीस वर्षे लागली.

भरपाईच्या बाबतीत न्यायालयाने फाटकाची रेषा ओलांडली आहे. चौकशीच्या बाबतीत ती अजून ओलांडली गेलेली नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन, बांधकाम आणि आरोग्य या विभागांची माणसे तिच्या बैठकीत एकत्र बसतात. अपघाताचे ठिकाण, वेळ आणि वाहने यांची नोंद आता संगणकीय प्रणालीतही होते. या समितीपुढे ठेवल्या जाणाऱ्या मासिक तक्त्यात ‘या जागी काय बदलले’ असा आणखी एक रकाना घालण्यास नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. दिवा बसवला, वाट बंद केली, गतिरोधक केला, थांबा हलवला, जे केले असेल ते प्रत्येक मृत्यूसमोर लिहावे. रकाना रिकामा राहिला, तर तो का राहिला, याचे लेखी उत्तर संबंधित विभागाने पुढच्या महिन्याच्या बैठकीत द्यावे.