कनवटीचा पैसा व पेटींतला पैसा

खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरांत खरेदीची याद तयार होते. पूर्वीं ती याद घेऊन तालुक्याच्या पेठेंत जावें लागे. आतां फवारणीचा पंप, ताडपत्री, ठिबकच्या नळ्या, इतकेंच नव्हे तर भाजीपाल्याचें बियाणेंही घरबसल्या फोनवरून मागवितां येतें, व त्याची किंमतही फोनवरूनच चुकती होते. या सोयीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. तालुक्यांत न मिळणारा माल मिळतो, चार ठिकाणचे भाव पडताळतां येतात, एका खेपेचा दिवस व भाडें वांचतें. परंतु जितकी सोय मोठी तितकी सावधगिरीही मोठी असावी, हा व्यवहाराचा नियम येथें पाळला जात नाहीं असें आम्हांस दिसतें; म्हणून चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

पेठेंत फसवणूक होत नसे असें नाहीं. पण तेथें तीन गोष्टी शेतकऱ्याच्या बाजूच्या असत. दुकानदार तोंडओळखीचा असे, माल डोळ्यांसमोर असे, आणि पैसा आपल्या हातानें मोजून दिला जाई. फोनवरील खरेदींत या तिन्ही गोष्टी नाहींशा होतात. बैलाचे दांत पाहणारा, त्यास चार पावलें चालवून पाहणारा शेतकरीच जेव्हां नुसतें चित्र पाहून व निम्म्याहून कमी किंमत वाचून अनोळखी माणसास आगाऊ रक्कम धाडतो, तेव्हां त्याची अक्कल कमी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. पारखण्याचीं जुनीं साधनें गेलीं आणि नवीं त्यानें अद्याप हातीं घेतलीं नाहींत, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली पारख विक्रेत्याची. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणें ऑनलाइन दुकानानें आपलें कायदेशीर नांव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचें नांव उघड ठेवलें पाहिजे. तक्रार पोंचल्याचें ४८ तासांत कळविलें पाहिजे आणि एका महिन्यांत तिचा निकाल लावला पाहिजे. जेथें केवळ एक मोबाइल क्रमांक आहे व पत्ता नाहीं, त्यास दुकान म्हणूं नये. संकेतस्थळाच्या नांवाशेजारीं कुलुपाचें चिन्ह दिसलें म्हणजे दुकान खरें, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. त्या कुलुपाचा अर्थ इतकाच कीं, तुमचा निरोप वाटेंत कोणी वाचूं शकणार नाहीं. पलीकडे साव बसला आहे कीं चोर, हें कुलूप सांगत नाहीं. सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नांवानें बनावट संकेतस्थळें निघालीं, नोंदणीच्या मिषानें पैसे मागितले गेले, व केंद्र सरकारच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागले. बँकांपुरती मात्र एक चांगली खूण आतां मिळाली आहे. ‘बँक डॉट इन’ असा राखीव शेवट असलेल्या नांवाखालीं आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आणावीं, असें रिझर्व्ह बँकेनें बँकांस बजावलें होतें. बँकेचें म्हणून जें संकेतस्थळ दाखविलें जाईल त्याचा शेवट आधीं पाहावा.

दुसरी पारख पैसा देण्याच्या रीतीची. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतींत एक गोष्ट लहान मुलासही पाठ असावी: पिन हा पैसे देण्याकरितां आहे, घेण्याकरितां नव्हे. ‘तुमचा परतावा पाठवितों, पिन घाला’, किंवा ‘तुमची गाय घेतों, इसाऱ्यासाठीं हा क्यूआर कोड स्कॅन करा’, असें जो म्हणतो तो देणारा नसून नेणारा आहे. तसेंच ओटीपी कोणास सांगूं नये, आणि मदत करतों म्हणून कोणी सांगितलेलें ॲप फोनवर घेऊं नये. कारण अशा कांहीं ॲपांनीं आपला पडदा त्यास आपल्या इतकाच स्पष्ट दिसूं लागतो. मोठ्या ऑनलाइन बाजारावर माल घेतांना पैसे त्या बाजारामार्फतच द्यावे. ‘थोडी सूट देतों, माझ्या क्रमांकावर परस्पर पाठवा’ ही विक्रेत्याची गोड भाषा ऐकली कीं बाजाराकडे दाद मागण्याची वाट आपण आपल्याच हातानें बंद केली असें समजावें. जेथें माल हातीं आल्यावर किंमत देण्याची सोय आहे, तेथें अनोळखी विक्रेत्याशीं पहिला व्यवहार त्याच रीतीनें करावा. आणि बियाण्याचें बिल, त्यावरील लॉट क्रमांक व पिशवी हीं पीक हातीं येईपर्यंत जपावीं. उगवण झाली नाहीं तर तोच पुरावा.

आतां ज्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली ती मुख्य सूचना. आमच्या पाहण्यांत बहुतेक शेतकऱ्यांचें खातें एकच असतें. कांद्याची वा कापसाची पट्टी त्यांतच जमा होते, पीककर्जाची रक्कम त्यांतच येते, आणि यूपीआयसाठीं फोनला जोडलेलेंही तेंच असतें. म्हणजे दोनशे रुपयांची वस्तु घेतांना सबंध वर्षाचें भांडवल दाराशीं उघडें असतें. यूपीआयनें साधारणतः एका दिवसांत १ लक्ष रुपयांपर्यंत रक्कम जाऊं शकते. दोन एकरांच्या धन्याची पेरणी, खत व मजुरी बुडण्यास तेवढी पुरेशी आहे. आपले आजे बाजारास जातांना कनवटीस लागेल तेवढाच पैसा लावीत. पेटी कोणी डोक्यावर घेऊन जात नसे. तोच विवेक येथें हवा. फोनला जोडण्यासाठीं एक निराळें बचत खातें असावें, त्यांत महिन्याच्या खरेदीपुरतीच रक्कम टाकावी, आणि पीकपैशाचें खातें फोनच्या कोणत्याही ॲपला जोडूं नये.

यावर कोणी म्हणतील, दोन खात्यांचा उपद्व्याप कोण करतो? किमान शिल्लक कोण सांभाळतो? आमचें उत्तर असें कीं, किमान शिल्लक न लागणारें मूलभूत बचत खातेंही मिळतें. तें उघडण्यापूर्वीं त्याच्या अटी बँकेंत विचाराव्या. जेथें दुसरें खातें उघडणें शक्य नसेल, तेथें ॲपमधून किंवा बँकेकडून रोजची मर्यादा कमी करून घेतां येते काय तें तरी पाहावें. सावधपणा माणसाचा केव्हां तरी चुकतोच. चूक झाली तरी घर बुडूं नये, अशी व्यवस्था आधींच करून ठेवणें हाच खरा सावधपणा.

इतकें करूनही फसगत झाली तर? १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा व राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. चोर रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत झपाट्यानें हलवितो. ती हलण्यापूर्वीं बँकेस कळलें तरच ती अडवितां येते. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिलेलें तत्त्वही ध्यानांत ठेवावें. दोष बँकेचाही नाहीं व ग्राहकाचाही नाहीं अशा प्रकरणीं, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा बोजा टाकलेला नाहीं; पण ज्यानें आपला पिन स्वतःच दुसऱ्यास सांगितला, त्यास बँकेस कळवीपर्यंतचें नुकसान सोसावें लागतें. खेदाची गोष्ट ही कीं, ‘गांवांत हंसें होईल’ या भीतीनें कित्येक शहाणे लोक दोन दोन दिवस गप्प बसतात. घरांत चोरी झाली तर आपण आरोळी मारतों. येथेंच लाज कां वाटावी? लाज वाटावी ती चोरास.

आमची वाचकांस विनंति आहे कीं, पेरणीपूर्वीं एक सकाळ काढून बँकेंत जावें, पेटीचें खातें फोनपासून सोडवावें, आणि घरांतील ज्या मुलाच्या हातीं फोन असतो त्यासही त्याचें कारण समजावून सांगावें. शेताला कुंपण आपण पीक उभें राहण्यापूर्वीं घालतों. गुरें चरून गेल्यावर घातलेल्या कुंपणाचा त्या सालीं उपयोग नसतो.