काळाच्या नावे टाका!

‘काळाच्या ओघात विस्मृतीत गेले’ हे वाक्य ज्या कोणी प्रथम लिहिले असेल, त्याला महिनाअखेरीस एक दिवस आमच्या बँकेत काउंटरवर बसवले पाहिजे. संध्याकाळी हिशेबात सत्तेचाळीस रुपये कमी भरले, की ‘काळाच्या ओघात गेले’ असे त्याने हेडकॅशियरना सांगून बघावे. ओघ म्हणजे काय ते हेडकॅशियर त्याला नीट समजावून देतील. मी बी.कॉम. झालो तेव्हापासून कारकुनी करतो आहे, आणि एवढ्या वर्षांत एकही पैसा आपणहून हरवलेला मला आढळला नाही. कोणीतरी नोंद करायची राहिलेली असते, नाहीतर एकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती जमा केलेली असते. काळ बिचारा त्या वेळी चहाला गेलेला असतो.

हे आठवायचे कारण स्टील गिटार. थांबा, पान उलटू नका! स्टील गिटार म्हणजे भांड्यांच्या दुकानात टोपाशेजारी मिळते ती वस्तू नव्हे. साधी गिटार मांडीवर आडवी घ्यायची, तारा जरा उंच करायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्या दाबण्याऐवजी त्यांवरून पोलादी कांडी फिरवायची. मग सूर पायरीपायरीने न उतरता घसरगुंडीवरून यावा तसा येतो. जुन्या हिंदी गाण्यांच्या ‘हवाइयन गिटार’च्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. वाद्याचा जन्म हवाई बेटांतला. जोसेफ केकुकू हा त्याचा जनक मानला जातो. तो १९०४ साली अमेरिकेत गेला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर तर साऱ्या अमेरिकेला हवाई संगीताचे वेड लागले, आणि बघता बघता दक्षिणेकडच्या गिरणीकामगारांनी नि खाणकामगारांनी ती कांडी उचलली. फिडल आणि बॅन्जो घेऊन बसणाऱ्या त्यांच्या गावरान ताफ्यांत ही रडवी गिटारही येऊन बसली. कंट्री संगीताच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी त्या या लोकांच्या.

त्या वाजवणाऱ्यांचे पुढे काय झाले? टोनी रसेल नावाच्या गृहस्थांनी १९२१ ते १९४२ या काळातल्या कंट्री रेकॉर्डींची सूची केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. पाने हजाराच्या वर. गायक, गाव, तारीख, रेकॉर्डचा नंबर, सगळे जागच्या जागी. माझ्यासारख्या माणसाला कादंबरीपेक्षा हे वाचायला बरे वाटते. पण वादकांच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच सद्गृहस्थ भेटतात: ‘अज्ञात’. अज्ञात, फिडल. अज्ञात, बॅन्जो. अज्ञात, स्टील गिटार. हा माणूस इतक्या गावी, इतक्या वाद्यांवर वाजवून गेला आहे की त्या काळच्या अमेरिकेत याच्याइतका कामसू कलावंत दुसरा झाला नसेल. यात रसेल यांचा दोष नाही. नोंद नाही तिथे त्यांनी अंदाजाने नाव ठोकून दिले नाही, हा हिशेबनीसाचा धर्म झाला. दोष आहे तो मूळ व्हाउचर करणाराचा.

कारण जिथे कारकून शहाणा होता तिथे नावे शिल्लक राहिली आहेत. जिमी रॉजर्स हा या संगीताचा पहिला मोठा तारा. १९२८ साली त्याच्यामागे स्टील गिटार वाजवली ती एल्सवर्थ कझन्सने, १९२९ साली जो कायपो या हवाईच्या माणसाने. लोकांनी रॉजर्ससाठी रेकॉर्ड विकत घेतली. पण त्या काळात कोणीतरी ही दोन नावे कागदावर टाकून ठेवली, म्हणून आज मला ती इथे लिहिता येतात. त्या कोणीतरीला माझा नमस्कार. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या जातीचे असेच चालायचे.

आता भलत्याच्या खाती जमा झाल्याचे उदाहरण घ्या. सिल्व्हेस्टर वीव्हर हा लुइव्हिलचा कृष्णवर्णीय वादक. १९२३ सालच्या नोव्हेंबरात त्याने ‘गिटार रॅग’ नावाची चीज रेकॉर्ड केली. १९२७ नंतर त्याचे ध्वनिमुद्रण थांबले, आणि पुढे तो मोटार चालवण्याच्या नोकरीला लागला. १९३६ साली बॉब विल्सच्या ताफ्यातल्या लेऑन मॅकऑलिफने ‘स्टील गिटार रॅग’ वाजवली आणि ती अमेरिकाभर गाजली. ऐकणाराला मूळ चीज कोणती ते सांगावे लागत नाही. रचनाकार म्हणून नाव मॅकऑलिफचे. वीव्हर १९६० साली वारला, आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला १९९२ साली, तोही तिथल्या ब्लूज रसिकांच्या मंडळाने बसवला तेव्हा. ही विस्मृती म्हणे! आमच्याकडे असे घडले तर इन्स्पेक्शन लागते.

याहून मजेदार प्रकार ‘शोध लावणाऱ्यां’चा. जिमी टार्लटन नावाचा एक स्टील गिटारवाला होता. १९२७ साली त्याने आणि टॉम डार्बीने अटलांटात ‘कोलंबस स्टॉकेड ब्लूज’ रेकॉर्ड केले. रॉयल्टी न घेता एकरकमी पंचाहत्तर डॉलर पत्करले, आणि रेकॉर्ड खपली दोन लाखांच्या घरात. (माझ्याकडे हा कर्जदार आला असता तर मी रडलो असतो.) १९६० च्या दशकात संगीतवेड्यांनी टार्लटनला ‘शोधून काढले’. कुठे सापडला म्हणता? अलाबामातल्या फिनिक्स सिटीत. आणि फिनिक्स सिटी आहे कुठे? कोलंबसच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर! ज्या गावाचे नाव घेऊन दोन लाख घरांत गाणे वाजले, त्याच गावासमोर गायक राहत होता. पूल ओलांडायला जगाला पस्तीसेक वर्षे लागली. आणि नाव काय, तर टार्लटन ‘हरवला’ होता. त्याला स्वतःला तसे वाटत असण्याचे कारण नव्हते. तो घरीच होता.

पण या शोधणाऱ्यांची मी थट्टा केली तरी माझी बाजू त्यांचीच आहे. उशिरा का होईना, पूल त्यांनीच ओलांडला. जुन्या डिरेक्टऱ्या चाळा, मृत्यूचे दाखले काढा, खेड्यात जाऊन दाढी करायला बसा आणि न्हाव्याला हळूच विचारा, असली ती कामे. आमचे साहेब म्हणतात, “अहो, सूर राहिलाय ना? नाव कशाला पाहिजे? आणि मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

पडतो साहेब. हॉवर्ड डिक्सनचे घ्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या ईस्ट रॉकिंगहॅमचा हा गिरणीकामगार. टार्लटन तिथल्या गिरणीत आला असता त्याचे वाजवणे ऐकून हॉवर्डने स्टील गिटार धरली. भाऊ डॉर्सी याच्याबरोबर १९३६ ते १९३८ मध्ये रेकॉर्डी केल्या; मग दोघेही पुन्हा गिरणीत. १९६२ साली अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन डॉर्सीकडे पोचले. हॉवर्ड १९६१ साली, कामावर असतानाच, गेला होता. एक वर्ष! टेपरेकॉर्डर गावात आला तेव्हा ती कांडी धरणारा हात नव्हता. हे काळाने केले, की ज्यांनी वीस वर्षे चौकशीच केली नाही त्यांनी?

आणि साहेबांनी तरी हे विचारू नये. आमच्याच बँकेत दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करावे लागतात. आणि तरीसुद्धा खातेदाराचे नाव वेबसाइटवर जाहीर करावे लागते. शिल्लक बारा रुपये का असेना! खातेदार जिवंत आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. वारस उद्या आला तर बारा रुपये मोजून द्यायचे. बारा रुपयांना जो न्याय, तो कझन्स-कायपोंना का नको?

ही गोष्ट काही सातासमुद्रापलीकडचीच नाही. ताउ मो नावाचा नामांकित हवाइयन गिटारवाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहून वाजवत होता. पुढे बंगालपासून मुंबईपर्यंत ही गिटार घरोघरी रेडिओवर रडली. व्हॅन शिप्लीसारख्या थोड्यांच्या स्वतःच्या नावाने रेकॉर्डी निघाल्या. पण सिनेमाच्या गाण्यांचे काय? लेबलावर चित्रपट, गायिका, संगीतकार, कवी, अगदी रेकॉर्ड किती वेगाने फिरवायची तेसुद्धा छापलेले. मधल्या जागेत काळजाला हात घालणारी ती गिटार कोणी वाजवली? अज्ञात. हे गृहस्थ अमेरिकेतून मुंबईला कधी आले, आणि कोणत्या चाळीत उतरले, कोण जाणे. फिडल मात्र त्यांनी इकडेही सोडलेले दिसत नाही.