रुग्णवाहिका येईपर्यंत

जानेवारीचा पहिला आठवडा उजाडला की बडोद्याच्या रस्त्यांवर दुचाकी वाहनांच्या दोन्ही आरशांच्या मुळाशी अडकवलेली, अर्धवर्तुळाकार वाकवलेली एक लोखंडी सळई जागोजाग दिसू लागते. उत्तरायणाच्या दिवसांत आकाशातून तुटून आलेली, काचेची पूड चढवलेली दोरी वाहन चालवणाऱ्याच्या गळ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्या सळईवर अडावी, एवढ्यासाठी नागरिकांनी स्वतःच्या पदरमोडीने केलेला हा बंदोबस्त आहे. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी गळे चिरले गेल्याच्या वार्ता संक्रांतीच्या आसपास वर्षानुवर्षे वाचाव्या लागतात. ज्या समाजाने सळई लावण्याची दूरदृष्टी दाखवली, त्याच समाजाला सळई नसलेल्या एखाद्याच्या गळ्यातून रक्त वाहू लागले तर पुढच्या दोन-तीन मिनिटांत काय करावयाचे हे मात्र कोणी शिकवलेले नाही, ही गोष्ट मला फार दिवस अस्वस्थ करीत आली आहे.

करावयाचे असते ते अत्यंत साधे. रुमाल, ओढणी, उपरणे, जे स्वच्छ कापड हाताशी असेल त्याची जाड घडी करून ती थेट जखमेवर ठेवावी आणि तळहाताने दाबून धरावी. घडी रक्ताने भिजली तरी ती उचलून पाहू नये, तिच्यावर दुसरी घडी ठेवून दाब तसाच चालू ठेवावा. आणि गळ्याभोवती पट्टी आवळून बांधण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण श्वासाची नळी आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या यांचा मार्ग तेथूनच जातो. एवढे ज्ञान आणि रक्त पाहून न डगमगणारा एक हात मिळाला, तर वाचण्याजोगा मनुष्य रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. प्रत्यक्षात मात्र रस्त्यावर अपघात झाला की वर्तुळ करून माणसे उभी राहतात, कोणी तरी “पाणी आणा, पाणी पाजा” असे ओरडतो, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या ओठांना अतीव करुणेने पाण्याची बाटली लावली जाते. ते पाणी पोटात न जाता श्वासनलिकेत उतरते. मग दोघे जण खांद्यांना आणि दोघे पायांना धरून त्याला उचलतात, रिक्षात कोंबतात, आणि मानेच्या किंवा पाठीच्या कण्याला झालेली इजा, जी कदाचित पुढे बरी झाली असती, त्या उचलण्यातच कायमची होऊन बसते. या माणसांच्या अंतःकरणात दयेची उणीव नाही. ती दया कोणत्या रीतीने वापरावी याचे शिक्षण त्यांना कोणत्याही शाळेत मिळालेले नाही.

गुजरातेत १०८ क्रमांकाची तातडीची सेवा २९ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेसंबंधीचा स्वतंत्र कायदाही राज्याने त्याच वर्षी केला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली आली. ज्या काळी रुग्णाला बैलगाडीत किंवा खाटेवर घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागे, त्या काळाच्या आठवणी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना या सेवेचे मोल सांगावयास नको; तिच्यातील कर्मचारी उत्तरायणाच्या, नवरात्राच्या आणि विश्वामित्रीच्या पुराच्या दिवसांत ज्या निष्ठेने राबतात तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु वाहन कितीही वेगवान असले तरी त्याला रस्ता कापावाच लागतो. हृदय बंद पडले की रक्ताविना राहिलेल्या मेंदूची हानी चार ते सहा मिनिटांत सुरू होते. रावपुऱ्यातील किंवा मांडवीतील गर्दीच्या वेळी एवढ्या अवधीत कोणती रुग्णवाहिका दारी पोहोचणार? दूरध्वनी केल्यापासून वाहन येईपर्यंतचा हा अवधी सरकारच्या अंमलाखाली येत नाही. तो घरातील, शेजारच्या, वाटेवरच्या माणसाच्या ताब्यात असतो, आणि माझ्या मते आपली सर्वांत मोठी उपेक्षा तेथेच घडते आहे.

बडोद्याच्या माणसाने तर ही उपेक्षा करू नये, कारण या नगराचा वारसा वेगळा आहे. उस्ताद जुम्मादादांच्या आखाड्याची गादी ज्यांनी पुढे चालवली, त्या राजरत्न प्रो. माणिकरावांचे, म्हणजे गजानन यशवंत तांबे यांचे, नाव आज तरुणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. लाठी, मल्लखांब, कुस्ती आणि सांघिक व्यायाम यांचे शिक्षण देणाऱ्या या पुरुषाने आपल्या व्यायाममंदिरात हाड मोडलेल्या आणि सांधा निखळलेल्या रुग्णांवर विनामूल्य उपचार करण्याची प्रथा दृढ केली. जेथे शरीर कमवावयाचे तेथेच दुखावलेले शरीर सावरावयाचेही, असा त्या संस्थेचा परिपाठ पडला. आखाड्यात पडणे, लचकणे, निखळणे हे नित्याचेच असल्यामुळे ही विद्या तेथे जन्मास यावी हे स्वाभाविक होते. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ती विद्या मल्लांपुरती राखून न ठेवता तिची दारे नगरातील गोरगरिबांना मोकळी करण्यात आली. कवायतीच्या इंग्रजी आज्ञा टाकून देऊन माणिकरावांनी त्या देशी भाषेत घडवल्या, त्यामागची दृष्टीही हीच होती: जे सर्वांनी करावयाचे ते सर्वांना कळेल अशाच वाणीत शिकवले पाहिजे. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेला व्यायामज्ञानकोश दहा खंडांत, मराठीत आणि बडोद्याहूनच प्रसिद्ध झाला, तोही याच परंपरेचा प्रसाद होय.

हाडवैद्यकीचे पुनरुज्जीवन करावे असे माझे म्हणणे नाही. क्ष-किरणांच्या चित्रावाचून मोडलेले हाड ओढून बसवण्याचा प्रयत्न आज कोणी करू नये. अवयव ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत त्याला आधार द्यावा, बांबूच्या कामट्या किंवा घडी घातलेले जाड वर्तमानपत्र यांच्यात तो बांधून न हलवता रुग्णालयात न्यावा, हेच शास्त्र आहे. मला आखाड्यापासून घ्यावयाची आहे ती त्याची व्यवस्था. गल्लीच्या तोंडाशी एक जागा असे, तिथे रोज सायंकाळी तरुण जमत, आणि कुणाला काही झाले तर कोणाकडे धाव घ्यावयाची हे लहान मुलालाही ठाऊक असे. ती व्यवस्था मोडली, आणि तिच्या जागी आपण दुसरी काही उभी केली नाही.

युरोपातही हे ज्ञान रणांगणावरून नागरिकांच्या घरी आले. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने जखमींना लढाई चालू असतानाच उचलून नेणाऱ्या हलक्या गाड्या योजल्या. १८५९ साली सोल्फेरिनो येथे हजारो जखमी उघड्यावर तळमळत पडलेले पाहून आंरी द्युनांने आसपासच्या गावांतील स्त्रिया गोळा करून त्यांच्या हातून शुश्रूषा करवली आणि त्यातून पुढे रेडक्रॉस उदयास आली. १८७७ साली लंडनात सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स संघटना स्थापन झाली आणि कामगार, पोलीस व गृहिणी यांना प्रथमोपचाराचे पाठ मिळू लागले. भारतीय रेडक्रॉसचा कायदा १९२० चा. म्हणजे शंभर वर्षे उलटून गेली, तरी हे ज्ञान आपल्याकडे स्काउटच्या गणवेषापुरते आणि कारखान्याच्या भिंतीवरील पेटीपुरते राहिले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमान्वये दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठेवणे मालकावर बंधनकारक होते आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास स्वतंत्र उपचारकक्षही लागे. कोयली, नंदेसरी, मकरपुरा या पट्ट्यात हे कलम कामगारांच्या परिचयाचे आहे. पण तोच कामगार संध्याकाळी ज्या सोसायटीत परततो, तेथील चारशे बिऱ्हाडांत मिळून एक पेटी सापडण्याची शाश्वती नसते.

घरोघरच्या समजुतींविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची, त्याच्या दातांत चमचा घालण्याची रीत आजही सुशिक्षित घरांत दिसते. वास्तविक त्याला कुशीवर वळवून, आसपासच्या टणक वस्तू दूर सारून, झटका ओसरेपर्यंत वाट पाहणे एवढेच करावयाचे असते. भाजलेल्या हातावर शाई, तूप, दंतमंजन थापले जाते आणि वाहत्या थंड पाण्याखाली तो हात वीस मिनिटे धरण्याचा खरा उपाय राहून जातो. सर्पदंशाची गोष्ट अधिक गंभीर आहे. दंशाच्या चार अंगुळे वर बंध बांधावा असे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे, आणि दुसरा उपाय हाती नसलेल्या त्या युगात ते सांगणे विचारपूर्वकच होते. परंतु प्रतिविष उपलब्ध असलेल्या काळात आवळलेला बंध पायाचे मांस कुजवतो, चीर देण्याने रक्तस्राव वाढतो, आणि मांत्रिकाकडे गेलेली वेळ परत येत नाही. दंश झालेला अवयव फळीला बांधल्याप्रमाणे स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये, आणि ज्या रुग्णालयात प्रतिविष आहे ते गाठावे. ग्रंथ वंदनीय असला तरी आजचा प्राण आजच्या शास्त्रानेच वाचवावयाचा आहे.

आता भीतीविषयी. अपघातात सापडलेल्याला हात लावला तर पोलीस जाबजबाब घेतील, पंचनाम्यास बोलावतील, कचेरीत हेलपाटे घालावे लागतील, या धास्तीने आपल्या दोन पिढ्यांचे पाय जागच्या जागी खिळून राहिले, आणि ती धास्ती निराधार होती असेही म्हणता येणार नाही. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले, जवळच्या रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले आणि वाटेतच त्याचा अंत झाला; या वृत्तावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निःसंदिग्ध निर्णय दिला की प्रत्येक डॉक्टराने, तो सरकारी असो वा खासगी, आधी प्राण वाचवावेत आणि दफ्तरी सोपस्कार मागाहून व्हावेत. मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे त्याच न्यायालयाने २०१६ च्या मार्चात कायम केली, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालू शकत नाही, आणि स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे कलम दर चौकात, दर रुग्णालयाच्या दारावर, मराठीत आणि गुजरातीत ठळक अक्षरांत रंगवून लावले पाहिजे. कायदा झाल्याचे ज्याला ठाऊकच नाही त्याला त्या कायद्याचे अभय कसे वाटावे?

या नगराने अलीकडे फार सोसले आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या; नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्या प्रकरणी दोष कोणाचा हे न्यायालये ठरवतील. पुढच्याच वर्षी, ९ जुलैच्या सकाळी, पादरा तालुक्यातील गंभीरा पूल मही नदीत कोसळला तेव्हा आसपासचे ग्रामस्थ मदतीसाठी नदीकडे धावले. असे धावून जाणारे लोक आपल्यात आहेत. पण बुडालेल्याला खांद्यावर उलटे टाकून गरगर फिरवण्यापेक्षा त्याला सपाट जमिनीवर निजवून, श्वास नसल्यास तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशे वीस या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा, हे त्यांच्या हातांना आधीच शिकवलेले असले पाहिजे. हातांना म्हटले ते मुद्दाम: पुस्तकात वाचून पोहता येत नाही, तसे हेही पुतळ्यावर प्रत्यक्ष दाब देऊन पाहिल्यावाचून येत नाही. २०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना तरुणांचे हृदय बंद पडल्याच्या वार्तांनी गुजरात हादरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्यातील शिक्षकांना वैद्यकीय महाविद्यालयांतून हे शिक्षण देण्याची मोहीम निघाली. उपक्रम स्तुत्य होता. पण एकदा घेतलेला पाठ हात काही महिन्यांत विसरतो, आणि शिक्षकापाशी थांबलेले ज्ञान विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवण्याची तजवीज झाल्याशिवाय मोहिमेचे फळ पदरी पडत नाही.

महाराजा सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली प्रांतात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा रयत गरीब आहे, मुले शेतावर लागतात, खजिन्यावर बोजा पडेल, असल्या हरकती घेणारे कमी नसणार. हुजुरांनी त्या मानल्या नाहीत. १९०९ साली याच बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी भूषवले. ते लष्करी वैद्यकीय सेवेतील शल्यवैद्य होते, विषारी आणि औषधी वनस्पतींचे अभ्यासक होते. साहित्याच्या व्यासपीठाने वैद्याला अग्रासन दिले होते, याचे स्मरण येथील मराठी संस्थांनी ठेवावे असे मला मनापासून वाटते.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. इयत्ता आठवीपासून दर सत्रात प्रथमोपचाराचा एक पाठ प्रत्यक्ष कृतीसह सक्तीचा व्हावा, आणि त्याची परीक्षा कागदावर न घेता पुतळ्यावर घ्यावी. आणि सरकारी आज्ञेची वाट न पाहता दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर येथील गणेशोत्सव मंडळांनी येत्या उत्सवाच्या वर्गणीतून असा एक पुतळा विकत घ्यावा, दहा दिवसांतील एक सायंकाळ सयाजीराव रुग्णालयातील किंवा जवळपासच्या कोणत्याही डॉक्टरांना पाचारण करून या शिक्षणास द्यावी, आणि मंडपातील प्रत्येक माणसाचे हात त्या पुतळ्यावर एकदा तरी पडतील असे पाहावे. उत्सव संपल्यावर तो पुतळा मंडळाच्या कपाटात न ठेवता जवळच्या शाळेला द्यावा.